गाठीचा ताप : ग्रंथिक सन्निपातापासून ग्रंथिज्वरापर्यंत



आजच्या व्याख्यानाचा विषय म्हटला तर वैद्यकाचा आणि म्हटला तर इतिहासाचा. ताप आला आणि त्याच्याबरोबर मानेला, काखेत किंवा जांघेत गाठ आली, तर ती कशाची? एवढाच प्रश्न. पण हा प्रश्न गेली सव्वाशे-दीडशे वर्षं आपल्या मुलखात वेगवेगळ्या माणसांनी विचारला आहे. वैद्यांनी विचारला, डॉक्टरांनी विचारला, सरकारनं विचारला, आणि एकदा तर तो बंदुका घेतलेल्या सोल्जरांनी घरात शिरून विचारला. दर वेळी उत्तर वेगळं आलं, आणि उत्तर मिळवायची रीतही वेगळी होती. त्या रीतींचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. पायाला काटा रुतला, जखम चिघळली आणि जांघेत गाठ आली, की आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात, ‘अवधाण आलं.’ मानेभोवती माळेसारख्या गाठी उठल्या तर ती गंडमाळ. कानाखाली गाल सुजला तर गालगुंड. म्हणजे बघा, गाठ कुठं आहे आणि कशी आहे यावरून नाव द्यायची पद्धत आपल्याकडं कधीची आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांच्यासाठी एक वेगळा अध्यायच आहे. बोटांनी चाचपायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि किती दिवसांत वाढली ते विचारायचं, ही निदानाची साधनं. ती आजही निकामी झालेली नाहीत, हे पुढं येईलच.

ही गाठ म्हणजे मुळात काय असतं? आपल्या शरीरात शेकडो लसिका ग्रंथी असतात. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाके असत, तशा या ग्रंथी शरीराच्या वाटांवर बसलेल्या असतात. बाहेरून जंतू आला की त्याला तिथं अडवतात आणि तिथं पांढऱ्या पेशींची फौज वाढते. फौज वाढली की नाका फुगतो आणि आपल्या बोटाला गाठ लागते. म्हणून गाठ हा स्वतः आजार नव्हे. कोणीतरी आत शिरलंय, एवढीच ती वर्दी असते. कोण शिरलंय, हे गाठ सांगत नाही.

एका शब्दाची भीती

आता १८९६ सालात जाऊ. मुंबईच्या मांडवी बंदर भागात त्या पावसाळ्यात लोक विचित्र तापानं दगावू लागले. कडक ताप, भ्रम, आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ. तिथं दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. त्यांनी रुग्ण तपासले आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी नगरपालिकेच्या स्थायी समितीपुढं सरळ सांगितलं, की हा गाठीचा प्लेग आहे.

हे सांगणं सोपं नव्हतं. मुंबई हे बंदर. प्लेग म्हटलं की परदेशातली बंदरं मुंबईची जहाजं अडवणार, व्यापार ठप्प होणार. त्यामुळं सुरुवातीला अधिकारी मंडळी त्या शब्दाभोवती घुटमळत राहिली. ‘संशयित प्रकारचा ताप’, ‘गाठींचा ताप’ असे शब्द वापरून वेळ मारून नेली. शब्द खोटे नव्हते. ताप होता, गाठी होत्या. पण लक्षणाचं नाव पुढं करून रोगाचं नाव मागं ठेवलं होतं.

खात्री कशी करायची, ते तेव्हा नुकतंच कळलं होतं. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सँ यांनी रुग्णाच्या गाठीतला द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचा जंतू पाहिला होता. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन आले. त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा थाटली आणि जंतू असल्याचं दाखवून दिलं. म्हणजे डॉक्टरच्या बोटांनी जे सांगितलं त्याला काचेच्या पट्टीनं दुजोरा दिला. गाठीला पहिल्यांदा जंतूचं नाव मिळालं.

मराठी वर्तमानपत्रांनी आणि वैद्यांनी या रोगाला जो शब्द वापरला तो लक्षात ठेवा : ‘ग्रंथिक सन्निपात’. लोक साधं ‘गाठीचा रोग’ म्हणत, नाहीतर मरी. आपल्या कोल्हापूर भागात मरगाईची देवळं आहेत. साथींचं भय किती जुनं आहे, ते त्या नावावरूनच कळतं.

गाठ लपवणारी माणसं

आता गोष्टीचा अवघड भाग. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. सरकारला घरं तपासायचा, माणसं वेगळी काढायचा, सामान जाळायचा अधिकार मिळाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती प्लेगचा बंदोबस्त आला आणि मार्चपासून सोल्जरांच्या तुकड्या घरोघर फिरू लागल्या. कशासाठी? गाठ शोधण्यासाठी. आणि गाठ असते कुठं? जांघेत, काखेत. म्हणजे परक्या शिपायानं माजघरात शिरायचं आणि बायाबापड्यांची अंगं तपासायची. वैद्यकाच्या दृष्टीनं शोध बरोबर जागी होता. पण माणसाच्या दृष्टीनं याहून मोठा अपमान नव्हता.

परिणाम काय झाला? लोकांनी गाठी लपवल्या. आजारी माणसं माळ्यावर, कोठीत दडवली. कोणी मेलं तर गुपचूप अंत्यविधी उरकले. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत पसरली. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीसच गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर चाल केली होती. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास आपण शाळेत शिकलो. आणि ९ मार्च १८९८ ला मुंबईच्या मदनपुऱ्यात विणकर समाजातल्या एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. एका मुलीच्या अंगावर गाठ आहे का, एवढ्यावरून शहर पेटलं.

रँडचा वध आपण राजकीय इतिहासात वाचतो. तो तिथं हवाच. पण त्याला वैद्यकाच्या इतिहासातही जागा आहे. ज्या तपासणीची माणसाला दहशत वाटते, ती तपासणी रोग शोधत नाही, रोग लपवायला शिकवते. सरकारलाही हे उशिरा कळलं. पुढं सोल्जरांच्या झडत्या मागं पडल्या, वेगवेगळ्या समाजांना आपापली रुग्णालयं काढू दिली गेली, लोकांच्या कलानं घेण्याचं धोरण आलं.

त्याच काळात, त्याच पुण्याजवळ दुसरी एक रीत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ, गावाबाहेरच्या माळावर, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं. त्या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साल एकच, रोग एकच. एकीकडं झडतीला आलेले शिपाई, दुसरीकडं पाठीवर घेऊन जाणारी बाई. औषध दोघांकडंही नव्हतं, कारण प्लेगवर गुणकारी औषध यायला अजून चाळीस-पन्नास वर्षं होती. पण मुलाला घेऊन कुणाकडं जायचं, हे आईबापांना बरोबर कळत होतं.

प्लेग आपल्या कोल्हापूर संस्थानातही आला, आणि पुढली काही वर्षं येत राहिला. ते दुष्काळाचेही दिवस होते. शाहू महाराजांच्या हाती कारभार येऊन, म्हणजे २ एप्रिल १८९४ पासून, पुरती पाच वर्षंही झाली नव्हती. दक्षिण महाराष्ट्रात सगळीकडं तेव्हा जी रीत पडली ती आपल्या घराघरांतल्या आठवणींत अजून आहे : उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि माळावर, शेतात झोपड्या घालून राहायचं. ‘प्लेगात आपली माणसं मळ्यात जाऊन राहिली होती’, हे वाक्य इथल्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांच्या नावानं सांगितलं जातं. उंदीर, पिसू आणि माणूस यांचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवला. तो वैद्यकानं मान्य करायला आणखी काही वर्षं घेतली. आपल्या शेतकऱ्यानं तोवर अनुभवानं वाट काढली होती.

दुसरा गाठीचा ताप

आता जरा लांब, जर्मनीत जाऊ. मुंबईत प्लेग येण्याच्या सात वर्षं आधी, १८८९ मध्ये, वीसबाडेनचे डॉक्टर एमिल फायफर यांनी एका आजाराचं वर्णन लिहिलं. लहान मुलांना ताप येतो, घसा दुखतो, मानेच्या गाठी सुजतात, कधी यकृत-प्लीहा वाढते, आणि मूल बरं होतं. त्यांनी नाव दिलं त्याचा अर्थच ‘ग्रंथींचा ताप’. मराठीत आपण त्याला ग्रंथिज्वर म्हणू. म्हणजे बघा, एकाच दशकात दोन गाठीचे ताप. एक माणसं मारणारा ग्रंथिक सन्निपात, दुसरा सहसा आपोआप बरा होणारा ग्रंथिज्वर. नावं जवळजवळ सारखी, नशीब मात्र अगदी वेगळं.

बरं, यातही गुंता होता. प्लेगच्या साथीत काही जणांना बारीक ताप आणि एखादी गाठ एवढंच होई आणि माणूस हिंडता-फिरता बरा होई. वैद्यकाच्या पुस्तकांनी त्याला ‘पेस्टिस मायनर’, म्हणजे धाकटा प्लेग म्हटलं. नुसत्या बोटांनी धाकटा प्लेग, ग्रंथिज्वर आणि पायाच्या जखमेचं अवधाण यांतला फरक कसा सांगणार? हात इथं थकतो. मग रक्ताची साक्ष काढावी लागते.

ती साक्ष कशी काढायची, याची वाटही १८९६ मध्येच सुरू झाली. त्या वर्षी पॅरिसमध्ये फर्नां विडाल यांनी दाखवलं, की विषमज्वराच्या रुग्णाचा रक्तद्रव विषमज्वराच्या जंतूंत मिसळला तर जंतूंचे गठ्ठे होतात. दूध नासून त्याच्या गुठळ्या व्हाव्यात तसे. शरीरानं त्या जंतूविरुद्ध केलेली प्रतिपिंडं ते गठ्ठे बांधतात. आजही आपल्याकडं ताप आला की ‘विडाल करून घ्या’ म्हणतात, तो हाच विडाल.

ग्रंथिज्वराची गोष्ट १९२० मध्ये पुढं सरकली. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात स्प्रंट आणि इव्हान्स यांनी सहा तरुण रुग्ण पाहिले. ताप, गाठी, आणि रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या. पाहणाऱ्याला वाटावं रक्ताचा कर्करोग. पण हे रुग्ण खडखडीत बरे झाले. त्यांनी आजाराला ‘इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस’ असं लांबलचक नाव दिलं. तीन वर्षांनी डाउनी आणि मॅकिन्ले यांनी त्या वेगळ्या दिसणाऱ्या पेशींचं बारकाईनं वर्णन केलं. काचपट्टीवरच्या त्या पेशींमुळं डॉक्टरला सांगता येऊ लागलं, की घाबरू नका, हा कर्करोग नाही. निदानाचा हाही उपयोग असतो. नाव कळल्यानं भीती वाढते तशी कमीही होते.

मग १९३२ मध्ये येल विद्यापीठात पॉल आणि बनेल हे सांधेज्वराच्या रुग्णांचं रक्त तपासत होते. त्यात त्यांना एक चमत्कारिक गोष्ट सापडली. ग्रंथिज्वर झालेल्याचा रक्तद्रव मेंढीच्या तांबड्या पेशींत मिसळला की त्यांचे गठ्ठे होतात. विडालसारखेच. आता माणसाच्या घशाच्या तापाचा मेंढीच्या रक्ताशी संबंध काय? काहीच नाही. शरीर त्या तापात सटरफटर प्रतिपिंडंही बनवतं आणि त्यातली काही मेंढीच्या पेशींना चिकटतात. पण खूण पक्की निघाली. १९३७ मध्ये डेव्हिडसन यांनी इतर कारणांनी होणारे गठ्ठे वेगळे काढायची युक्ती दिली. गंमत अशी की आजार कोणत्या जंतूनं होतो हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी त्याची तपासणी तयार होती.

जंतू सापडला तो एका व्याख्यानामुळं. ही गोष्ट व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना सांगितलीच पाहिजे. मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात डेनिस बर्किट नावाच्या सर्जनचं भाषण होतं. आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याला होणाऱ्या एका कर्करोगाबद्दल. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन होते. त्यांनी त्या गाठींचे नमुने मागवले, आणि १९६४ मध्ये एपस्टाइन, अकाँग आणि बार यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. तोच एपस्टाइन-बार विषाणू. त्याचा ग्रंथिज्वराशी संबंध मात्र फिलाडेल्फियात हेन्ले पती-पत्नींच्या प्रयोगशाळेत लागला. तिथल्या एका कर्मचारी मुलीच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं नाहीत हे आधीच नोंदलेलं होतं. तिला ग्रंथिज्वर झाला आणि नंतर पाहिलं तर प्रतिपिंडं हजर. येलमध्ये विद्यार्थ्यांचं आजारापूर्वी घेतलेलं रक्त जपून ठेवलेलं होतं. त्यावरून १९६८ मध्ये हे पक्कं झालं. आजारापूर्वीचं रक्त आणि आजारानंतरचं रक्त, दोन्ही हाताशी असल्यामुळं हा निवाडा झाला. लोकांनी ते रक्त आपणहून दिलं होतं, हे विसरू नका.

आपल्याकडं हा आजार तरुणांत फारसा ऐकू येत नाही, याचं कारण वेगळं. आपल्याकडं बहुतेक मुलांना हा विषाणू लहानपणीच गाठतो. एका ताटात जेवणं, एका पेल्यातनं पाणी पिणं, लाळेतनं तो पसरतो. बाळवयात तो साध्या सर्दी-तापासारखा येऊन जातो. ज्याला लहानपणी गाठत नाही त्याला पंधराव्या-विसाव्या वर्षी गाठतो आणि आडवा पाडतो.

नकली चेहरे

या गोष्टीचं पुढचं पर्व असं, की मेंढीची परीक्षा नकारात्मक येणारे रुग्ण उरलेच. ताप तसाच, गाठी तशाच, रक्तातल्या पेशीही तशाच, पण हा विषाणू नाही. मग एकेक जण उजेडात आला. १९६५ मध्ये फिनलंडमधून सायटोमेगॅलो विषाणूचं नाव आलं. त्यात घसा फारसा धरत नाही, ताप मात्र रेंगाळतो. टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी तर १९०८ पासून माहीत होता. त्यानं मानेला न दुखणाऱ्या गाठी येतात. तो मांजराच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून येतो. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला घाबरायचं कारण नाही, तो चांगला रटरटून शिजलेला असतो. पण कच्चं मटण हाताळल्यावर हात धुवा.

आणि १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सिडनीहून एक निबंध आला. एचआयव्हीची लागण झाल्यावर थोड्याच दिवसांत काही जणांना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ आणि गाठी येतात, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं आपोआप जातं. दिसायला हुबेहूब ग्रंथिज्वर. रुग्ण बरा होतो, डॉक्टर विसरतो, आणि विषाणू आत राहून जातो.

इथं मराठी माणसाला ठाऊक असावं असं एक नाव येतं. चेन्नईत स्थायिक झालेल्या एका मराठी घरात सुनीती गायतोंडे नावाची मुलगी वाढली. पुढं त्या डॉ. सुनीती सॉलोमन झाल्या आणि मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवू लागल्या. त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले आणि वेल्लोरला तपासले. १९८६ मध्ये त्यातले काही एचआयव्ही-बाधित निघाले. भारतातली ही पहिली नोंद. इतरांनी ज्या रुग्णांकडं पाठ फिरवली त्यांच्यासाठी सॉलोमन यांनी १९९३ मध्ये केंद्र उभारलं आणि त्याला वडिलांचं, गायतोंड्यांचं नाव दिलं. आपल्या शेजारी सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेनं त्याच स्त्रियांना बरोबर घेऊन काम सुरू केलं. पुण्याच्या झडत्यांनंतर जवळपास शंभर वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा आला : माणसं तपासणीला आपणहून यावीत म्हणून काय करायचं? या वेळी उत्तर थोडं बरं मिळालं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं संमतीशिवाय तपासणी करायला आणि नाव फोडायला मनाई केली. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

पण जुनी भीती मरत नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ताप आणि गाठींचे रुग्ण निघाले. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. त्यानंतर पडक्या-सोडलेल्या घरांत धान्य आणि उंदीर वाढल्याची चर्चा होती. जवळजवळ तीन दशकं देशात प्लेगची खात्रीशीर नोंद नव्हती. ज्यांनी प्लेग डोळ्यांनी पाहिला असे डॉक्टर राहिले नव्हते. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो माणसं शहर सोडून पळाली, टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसं झालं. त्यातल्या बहुतेक रुग्णांचं निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवर बेतलेलं होतं, जंतू थोड्यांच्याच बाबतीत हाती लागला. म्हणून प्लेग होता की नव्हता यावर बराच वाद झाला. पुढं जनुकीय तपासण्यांनी प्लेगचाच जंतू असल्याचं दाखवलं. पण त्या महिन्यांत महाराष्ट्रात ज्या ज्या माणसाच्या मानेला साधी गाठ होती, तो प्लेगचा संशयित ठरत होता. १८९६ मध्ये शब्द वापरायला सरकार भ्यालं. १९९४ मध्ये तो शब्द ऐकूनच माणसं पळाली.

आज दवाखान्यात

मग या सगळ्या इतिहासातनं आपण आज काय घ्यायचं? तीन गोष्टी.

पहिली, वेळेची. प्रत्येक तपासणीला तिची वेळ असते. ग्रंथिज्वराची गठ्ठ्यांची परीक्षा पहिल्या आठवड्यात पुष्कळदा नकारात्मक येते, आणि अगदी लहान मुलांत नंतरही येत नाही. एकच विडाल, तीही तापाच्या दुसऱ्या दिवशी, भरवशाची नसते. एचआयव्हीची प्रतिपिंडं दिसायला आठवडे लागतात. म्हणून प्रतिजन आणि प्रतिपिंड दोन्ही पाहणारी नवी परीक्षा करायची आणि गरज पडली तर ठरावीक दिवसांनी पुन्हा करायची. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ याचा अर्थ कधी कधी ‘फार लवकर विचारलं’ एवढाच असतो.

दुसरी, औषधाची. ग्रंथिज्वरात घसा धरतो, पांढरे चट्टे दिसतात, आणि अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दिलं जातं. विषाणूवर त्याचा उपयोग नाही, आणि या आजारात ते घेतल्यावर पुष्कळांना अंगभर पुरळ उठतं. मग जन्मभर ‘मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे’ असा शिक्का बसतो, जो बहुधा खोटा असतो. आणि ही गोष्ट खास कोल्हापूरकरांसाठी : या तापात प्लीहा वाढते, आणि वाढलेली प्लीहा धक्क्यानं फुटू शकते. पोरगं तालमीत जाणारं असो की पेठेच्या संघातनं फुटबॉल खेळणारं, आजार सुरू झाल्यापासून निदान तीन आठवडे, आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत, आखाडा आणि मैदान बंद. ताप उतरला म्हणून लगेच मातीत उतरायचं नाही. खासबागेचं मैदान कुठं पळून जात नाही.

तिसरी, विचारण्याची. गाठ कुठं, किती दिवस, दुखते का? पावसाळ्यानंतर रानात गेला होता का, अंगावर काळी खपली धरलेला चावा आहे का, म्हणजे स्क्रब टायफस आठवेल. गाठ एकाच बाजूला, महिनाभर, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन उतरतंय, म्हणजे जुनी गंडमाळ, क्षयरोग, मनात आला पाहिजे आणि गाठीतून सुई घालून तपासणी झाली पाहिजे. गाठ घट्ट आहे, वाढतच चालली आहे, तर कर्करोगाचा विचार टाळता येत नाही. आणि शारीरिक संबंधांबद्दलचा प्रश्न एकांतात, नीट आवाजात विचारला पाहिजे. दार उघडं ठेवून, बाहेरच्या बाकड्यावरच्या दहा जणांना ऐकू जाईल असा विचारला, तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. पुण्यातल्या माजघरात गाठी लपल्या त्या याच कारणानं.

संस्थानकाळी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखलं जाणारं आपलं सीपीआर आज इथलं मोठं सरकारी रुग्णालय आहे. अशा सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची तपासणी समुपदेशनासह मोफत होते, नाव गुप्त राहतं. क्षयरोगाची तपासणी आणि औषधंही मोफत आहेत. साधनं हाताशी आहेत. व्हिएगसांकडं बोटं होती आणि दोन वर्षांपूर्वी सापडलेला जंतू. आपल्याकडं त्याहून कितीतरी जास्त आहे. आता घरात कोणाला आठवडाभर ताप असेल आणि मानेला गाठ लागत असेल, तर मनाशी नाव ठरवून औषधाच्या दुकानात जाऊ नका. गाठ डॉक्टरला दाखवा, आणि किती दिवसांची आहे ते खरं सांगा.

आता प्रश्न घेऊ. ऑनलाइन मंडळींनी प्रश्न लिहून पाठवले तरी चालतील. आणि कोणाच्या घरात प्लेगच्या झोपड्यांच्या आठवणी, जुनी पत्रं, वह्या असतील तर त्यांनी जरूर सांगावं. हा इतिहास छापलेल्या अहवालांत अर्धाच आहे, उरलेला आपल्या घरांत आहे.